नमस्काराचा तह

जगात कुठेही बॉम्ब फुटला की दोंडाईच्यात मुख्तार मनियारला चहाचं निमंत्रण येई. शांतता समितीची बैठक भरे, मुख्तारला पुढच्या खुर्चीवर बसवत आणि कुणीतरी अगदी प्रेमाने विचारी, "मुख्तारभाई, हे असं का होतं?" बांगड्यांच्या दुकानापलीकडचं जग मुख्तारने फिरोजाबादपर्यंतच पाहिलं होतं, तेही माल आणायला. तरी तो हात जोडून सांगे की फार वाईट झालं, आम्हाला दुःख आहे, आणि बिस्किटाला हात न लावता घरी येई.

"काय म्हणाले?" जरीना विचारी.

"आपलं चुकलं म्हणाले."

"कुठं?"

"या वेळी बेल्जियमला."

त्यामुळे हसीबला दिल्लीच्या मुलाखतीत हाच प्रश्न विचारणार, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. पोरगा लेखी परीक्षा पास झाला होता. त्याला परराष्ट्र सेवेत जायचं होतं, म्हणजे पुढे जिथे काही फुटेल तिथे जाऊन सरकारतर्फे दुःख व्यक्त करायचं, अशी मुख्तारची समजूत होती. घराण्यातलं काम पोरगा पुढे नेतोय याचा त्याला आनंदच होता.

सरावाची मुलाखत रविवारी दुपारी घरीच ठेवली. मधल्या खुर्चीवर अभिमन सर बसले. त्यांनी हसीबला शाळेत इतिहास शिकवला होता आणि निवृत्त झाल्यापासून ते दिसेल त्याला प्रश्न विचारत. त्यांच्या उजवीकडे मुख्तार. डावीकडे शकूर, जरीनाचा धाकटा भाऊ. तो कुवेतहून परतून धुळ्यात राहिला होता. येताना दाढी, खजूर आणि प्रत्येक गोष्टीबद्दल मत घेऊन आला होता. नाजमीन, हसीबची बहीण, मोबाईलवर वेळ लावून कोपऱ्यात बसली.

जरीना मधल्या दाराच्या उंबऱ्याशी होती. तिच्यापुढे हिरव्या बांगड्यांचा ढीग होता आणि ती एकेक बांगडी फडक्याने पुसून जोड लावत होती. उद्या पुनमला चुडा भरायचा होता. पुनम म्हणजे कमलबाईची नात. कमलबाई अभिमन सरांची थोरली भावजय, घरातल्या पोरांची अक्का. त्या घरातल्या प्रत्येक नवरीच्या हातात जरीनाच्याच घरच्या बाईने चुडा भरला होता. कमलबाईला जरीनाच्या सासूने, कमलबाईच्या सुनेला जरीनाने. चुडा भरून झाला की नवरी वाकून मनियारणीच्या पाया पडे, मनियारीण तिच्या डोक्यावर हात ठेवी, आणि मग ती पोरगी खऱ्या अर्थाने नवरी झाली असं त्या घरात मानत.

कमलबाईचा फोन परवाच येऊन गेला होता. "मुख्तार, जरीनानाच हातना चुडा पाहिजे मनी पुनमले. दुसरं कोनी नही." फोन मुख्तारने घेतला होता. तो म्हणाला होता, "बरोबर आहे."

"धार्मिक कट्टरतेची कारणं कोणती," अभिमन सरांनी चष्मा नाकावर सरकवला, "आणि आपल्या परराष्ट्र धोरणाने तिला कसं उत्तर द्यावं?"

"सर, या प्रश्नाला अनेक पैलू आहेत," हसीब म्हणाला.

जरीनाला भरून आलं. हा पोरगा लहानपणी विचारलेल्या गोष्टीला मान हलवून उत्तर द्यायचा.

हसीब बोलत राहिला. बेरोजगारी. युद्धांनी उद्ध्वस्त झालेले देश. बाहेरून येणारा पैसा. मोबाईलवरचा प्रचार. ज्याला कुठेच किंमत नाही त्याला किंमत देणाऱ्या टोळ्या. मग धोरण. शेजारी देशांशी संवाद चालू ठेवायचा, पैशाच्या वाटांवर नजर ठेवायची, दुसऱ्यांच्या भांडणात आपला देश ओढला जाऊ द्यायचा नाही आणि परदेशात राबणाऱ्या आपल्या कामगारांशी संपर्क वाढवायचा.

"कसला संपर्क?" शकूरने विचारलं.

"शकूरभाई, मुलाखत मी घेतोय," सर म्हणाले.

"मी पण पॅनेलवर आहे. कसला संपर्क?"

हसीब म्हणाला, "म्हणजे मामू, आपले लोक तिकडे एकटे पडतात, त्यांच्यासाठी व्यवस्था..."

"मला ताप आला होता," शकूर म्हणाला. तो हसीबकडे पाहत नव्हता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. "कुवेतला. शीतगृहात काम होतं. बाहेर भट्टी, आत बर्फ. कंपनीच्या ऑफिसात फोन लावला की गाणं वाजायचं. खोलीतले लोक कामावर निघून जायचे. मी मेलो असतो तर वास आल्यावर कळलं असतं. जुम्म्याच्या दिवशी वरच्या मजल्यावर बैठक व्हायची, त्यातले दोघं आले. मला ओळखत पण नव्हते. त्यांनी खिचडी आणली. भरवली. मग ते जे सांगायचे ते मला बरोबर वाटायला लागलं."

नाजमीनने वेळ थांबवली. जरीनाच्या हातात बांगडी तशीच राहिली. भाऊ परत आल्यापासून तिने त्याच्याकडून हराम काय नि हलाल काय एवढंच ऐकलं होतं. तापाबद्दल तो आज पहिल्यांदा बोलत होता. तिला वाटलं उठावं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवावा, पण पॅनेलवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हात कसा ठेवायचा.

"हे दिल्लीत सांगू नको," मुख्तार हसीबला म्हणाला. "खिचडी म्हटलं की हसतील ते."

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली.

भूषण होता, पुनमचा भाऊ. इंजिनीअर झाला होता, नोकरी लागली नव्हती. पुण्यात खोली घेऊन राहिला, पुण्यात राहवेना म्हणून परत आला, आणि ज्या दिवशी घरच्यांनी त्याला मिरचीच्या वखारीत पोती मोजायला बसवलं त्याच दिवशी एका संघटनेने त्याला तालुक्याचा सहप्रमुख केलं. त्याचं कार्ड छापलं. सत्कार केला. तेव्हापासून तो भगवं उपरणं घालून फिरे आणि जरीनाच्या घराच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. एके काळी हाच पोरगा याच उंबऱ्यावर बसून फुटक्या काचांचे रंग वेगळे करत तासन् तास खेळायचा.

"आबा, मांडववाले आलेत, चला," तो अभिमन सरांना म्हणाला. मग त्याची नजर हिरव्या ढिगाकडे गेली. "मुख्तारचाचा, आपलं बोलणं झालं होतं ना? मावशी येणार नाहीत म्हणून?"

"बरोबर आहे," मुख्तार म्हणाला.

"दुल्हाभाई, मला पण तुम्ही तेच सांगितलं होतं," शकूर म्हणाला. "आपा आता लोकांच्या घरी जाणार नाही म्हणून."

"बरोबर आहे."

"आणि मला कुणी सांगितलं?" जरीनाने विचारलं.

सगळ्यांनी मुख्तारकडे पाहिलं. मुख्तारने पंख्याकडे पाहिलं. कुणालाच नाही म्हणायचं नाही आणि काहीच करायचं नाही, या धोरणावर त्याने आजवर दुकान चालवलं होतं, बहिणींची लग्नं लावली होती आणि शांतता समितीत जागा टिकवली होती. एकाच खोलीत सगळे पक्ष एकदम येतील हे त्याने धरलं नव्हतं.

"तुझी अडचण काय आहे, भूषण?" हसीबने विचारलं. दोघं एकाच वर्गात होते.

भूषण जरा घुटमळला. "माझी वैयक्तिक काही नाही. पण बहीण सगळ्यांसमोर पाया पडणार, कुणीतरी व्हिडिओ काढणार, ग्रुपवर टाकणार. मी काय तोंड दाखवू? अक्का ऐकत नाही. चुडा जरीनाच भरेल नाहीतर मी मांडवात बसणार नाही म्हणते."

"अगदी हेच!" शकूर खुर्चीच्या कडेला आला. "झुकायचं फक्त अल्लापुढे. माझ्या बहिणीपुढे कुणी झुकलं तर गुनाह तिच्या माथी पण लागतो."

भूषणने शकूरकडे पाहिलं. शकूरने भूषणकडे पाहिलं. दोघांनी एकमेकांच्या लोकांबद्दल मोबाईलवर जे जे वाचलं होतं त्यात हा प्रसंग नव्हता.

"बरोबर बोलले मामू," भूषण म्हणाला.

"पोरगा समजदार आहे," शकूर म्हणाला.

हसीब पुढे सरकला. त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते जरीनाने ओळखलं. गणित सुटायला लागलं की लहानपणी तो असाच दिसायचा. "म्हणजे आक्षेप बांगड्यांवर नाहीच," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंचा आक्षेप नमस्कारावर आहे. मग नमस्कार वगळू. अम्मी चुडा भरेल, म्हणजे अक्कांचा शब्द राहील. पुनम पाया पडणार नाही, म्हणजे तुमचा दोघांचा राहील."

"आणि फोटो नाही," भूषण म्हणाला.

"फोटो नाही."

"मागच्या दाराने यायचं."

हसीब थांबला. जरीना त्याच्याकडे पाहत राहिली. आता हा चिडून उठेल असं तिला वाटलं.

"मागच्या दाराने नाही," हसीब म्हणाला. "पुढच्या दाराने येईल. पण पहाटे. पाहुण्या बायका उठायच्या आत."

भूषणने विचार केला. "चालेल."

"मला मान्य आहे," शकूर म्हणाला.

"शाब्बास!" अभिमन सरांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात मुत्सद्देगिरी. दिल्लीत अगदी असंच बोलायचं."

"बरोबर आहे," मुख्तार म्हणाला आणि त्याला एकदम भूक लागली.

भूषणने चहा घेतला. आत आला नाही, ओट्यावर उभ्याने घेतला, पण घेतला. शकूरने त्याला खजूर दिला. तोही त्याने खाल्ला आणि बी कुठे टाकू म्हणून विचारलं.

"अम्मीला विचारलंत का कुणी?" नाजमीन म्हणाली.

"अगं, अम्मीसाठीच तर केलं," हसीब म्हणाला. "नाहीतर तिला जायलाच मिळालं नसतं. हो की नाही, अम्मी?"

जरीनाने फडकं झटकलं. "कमलबाईला कोण सांगणार?"

"मी आहे ना," अभिमन सर म्हणाले. "मी सांगतो."

त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जरीना बांगड्यांची पेटी घेऊन निघाली. वखारींच्या गल्लीत मिरचीचा खकाणा हवेत भरला होता आणि तिला शिंका आवरत नव्हत्या. कमलबाईच्या ओट्यावर दिवा लागला होता. कमलबाई दारातच उभी होती, अंगावर शाल.

"इतली सकाय काबरं उनी व तू? बाया तं अजून उठ्यात बी नहीत."

"बाया उठाना पहिले व्हई जाऊ दे, कमलबाई. मंग गर्दी व्हई."

कमलबाईला ते पटलं नाही, पण तिने जरीनाच्या हातातली पेटी घेतली. कमलबाईची मनगटं रिकामी होती. तिचे मालक झुलालभाऊ गेले तेव्हा बायकांनी तिच्या बांगड्या फोडायला दगड आणून ठेवला होता. जरीना कुणी न बोलावता आली, तिने पाण्यात साबण कालवला आणि कमलबाईच्या हातातून एकेक बांगडी अख्खी काढून घेतली. काचेचा तुकडा तिला लागू दिला नाही. तेव्हा कमलबाईच्या घरात भरपूर माणसं होती, आणि हे कोणत्या धर्मात बसतं असं एकालाही विचारायचं सुचलं नव्हतं.

पुनम पाटावर बसली. तिच्या डोळ्यांत झोप होती. जरीनाने तिचा हात मांडीवर घेतला, अंगठ्याखालचं मऊ मांस दाबून हात लहान केला आणि पहिली बांगडी चढवली.

"दुखलं का?"

"नाही, मावशी."

"दुखलं तं सांगशी. तुनी आजी इतली वरडे, मनी सासू घाबरी जाय."

पुनम हसली. कमलबाईही हसली. एका हाताचा चुडा भरला, मग दुसऱ्या हाताचा. मध्ये एक बांगडी तडकली, ती जरीनाने मुकाट्याने पदरात टाकली. दारात भूषण येऊन उभा राहिला. त्याने मोबाईल खिशात ठेवला आहे हे सगळ्यांना दिसेल अशा बेताने तो उभा होता.

चुडा झाला. पुनमने दोन्ही हात वर करून पाहिले, बांगड्या कोपराकडे घसरल्या आणि किणकिणल्या. मग ती पाटावरून उठली आणि कुणी न सांगता वाकली. लहानपणापासून तिने आत्याला, चुलत बहिणींना असंच वाकताना पाहिलं होतं.

"पुनम," भूषण म्हणाला.

पुनम अर्ध्यात थांबली.

"काय व्हयनं? पाया पड मावशीना," कमलबाई म्हणाली.

"अक्का, ते ऱ्हाऊ दे. ठरेल शे."

"कोना सांगावरीन?"

"हसीबना. आबा बी व्हतात तठे. बठ्ठासनी मिळीसन ठरेल शे."

कमलबाईने भूषणकडे पाहिलंच नाही. तिने जरीनाकडे पाहिलं. "आपला हसीब?"

जरीनाला खोटं बोलता आलं असतं. मुख्तारसारखा एखादा शब्द तिने वापरला असता तर निभावून गेलं असतं. ती म्हणाली, "हाँ, कमलबाई. आपला हसीब."

कमलबाईने शाल नीट केली आणि ती आत स्वयंपाकघरात गेली. भांडं पडल्याचा आवाज आला, मग तोही नाही. पुनम अजून तशीच अर्धवट वाकलेली होती. ती हळूच सरळ झाली. एवढे हिरवे भरलेले हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. तिने ते पुढे घेतले, मागे नेले, शेवटी ओढणीत गुंडाळले.

"थँक्यू, आंटी," ती म्हणाली.

जरीना घरी आली तेव्हा तिघंही चहा पीत बसले होते. शकूर रात्री धुळ्याला गेलाच नव्हता. हसीबने तिच्या हातातली पेटी घेतली.

"झालं ना व्यवस्थित?"

"झालं."

"कुणी काही बोललं?"

"नाही."

"बघ," मुख्तार शकूरला म्हणाला. "शांततेत झालं सगळं. पोरगा कामाचा आहे."

"अक्का काय म्हणाल्या?" हसीबने विचारलं.

"तिने विचारलं, कुणी ठरवलं. भूषणने तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली, आपला हसीब? मी हो म्हटलं."

हसीबने पेटी खाली ठेवली. ती ठेवायला त्याला बराच वेळ लागला. "मग?"

"मग ती आत गेली. बाहेर आलीच नाही. मी पुष्कळ थांबले."

"आणि पुनम?"

जरीनाने पदराची गाठ सोडली. तडकलेली बांगडी त्यात होती, ती तिने खिडकीत ठेवली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पुनम मला थँक्यू म्हणाली."

"चांगलंच आहे की," मुख्तार म्हणाला. "शिकलेली पोरगी आहे."

"आंटी म्हणाली मला," जरीना म्हणाली. "पाळण्यात होती तेव्हा मी तिच्या हातात काळे मणी बांधले. बोलायला लागली तेव्हापासून मावशी म्हणते. आज सकाळी पण मावशीच म्हणत होती, चुडा भरून होईपर्यंत. मला आंटी म्हणाली रे ती."

आणि मग ती रडली. तोंडावर पदर घेतला नाही, आत गेली नाही, भावासमोर, नवऱ्यासमोर, पोरासमोर जमिनीवर बसून मोठ्याने रडली. हसीब तिच्याजवळ आला आणि उभा राहिला. शकूरने चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. तिला गप्प कसं करायचं, हे तिघांपैकी कुणालाच ठरवता आलं नाही.